जुन्या मिनीच्या ९९८ सीसी इंजिनावर दुसरं हेड: कोणतं घ्यायचं, काय कापायचं, काय मोजायचं

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) ए-सीरिज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये ८०३ सीसीचं म्हणून आलं आणि मिनीच्या शेवटच्या गाडीपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, चालत राहिलं. मधल्या काळात ते मॉरिस मायनर, ऑस्टिन-मॉरिस ११०० आणि १३००, स्प्राइट-मिजेट, मरीना, अलेग्रो, मेट्रो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. क्षमता वेगवेगळ्या, हेडही (ब्लॉकवर बसणारं, व्हॉल्व्ह असलेलं सिलिंडरांचं झाकण) वेगवेगळी, पण स्टडची मांडणी आणि मॅनिफोल्डची भोकं जवळपास तीच ठेवली. म्हणून एका गाडीचं हेड दुसरीवर चढतं. चढतं याचा अर्थ चालतं असा मात्र नाही. स्टडवरून हेड सरळ खाली आलं की माणूस खूश होतो, आणि पहिल्याच फेरीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या काठावर आपटतो.

खाली सगळं ९९८ सीसी इंजिन धरून लिहिलं आहे, कारण मिनीत सर्वांत जास्त तेच सापडतं. बोअर ६४.५८ मिमी, स्ट्रोक ७६.२ मिमी, एका सिलिंडरची क्षमता २४९.६ सीसी. १०९८ चा बोअर हाच आहे, स्ट्रोक तेवढा ८३.७२, त्यामुळे हिशोब बदलतो, पद्धत तीच. ८४८ वर मोठ्या हेडच्या नादी लागू नये. बोअर ६२.९४, इंजिन लहान, चेंबर (हेडमधली जळणाची पोकळी) मोठं पडतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, घसरतं. त्या इंजिनासाठी पैसे आधी कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टवर घालावेत.

हेड ओळखायचं कसं

कास्टिंग नंबर रॉकर कव्हरखाली, स्प्रिंगांच्या मधल्या जागेत उठावदार अक्षरांत असतो. विकणारा फोनवर 'कूपरचं हेड आहे' म्हणाला तर कव्हर काढून त्या नंबराचा फोटो मागवा. फोटो येत नसेल तर हेडही घेऊ नका.

१२जी२९५ हे ९९८ कूपर आणि एमजी ११०० चं हेड. इनलेट व्हॉल्व्ह सुमारे ३१ मिमी, एक्झॉस्ट २५.४, चेंबर २८.३ सीसी. साध्या ९९८ च्या हेडचा इनलेट २७-२८ मिमीच्या घरातला, त्यामुळे फरक जाणवतो. हे हेड मुळातच या बोअरसाठी बनलेलं, म्हणून ब्लॉक कापायची वेळ सहसा येत नाही. खोट एकच, चेंबर मोठं आहे. कूपरमध्ये वर फुगलेल्या माथ्याचे पिस्टन घालून ती जागा भरली होती. आपल्या साध्या ९९८ चे पिस्टन सपाट किंवा खळग्याचे असतात.

१२जी९४० हे १२७५ सीसी इंजिनाचं हेड. मिनी १२७५ जीटी, ऑस्टिन-मॉरिस १३००, मरीना १.३, अलेग्रो, मेट्रो १.३, १२७५ चा मिजेट, सगळीकडे हेच. इनलेट सुमारे ३३, एक्झॉस्ट सुमारे २९ मिमी, चेंबर २१.४ सीसी. एमजी मेट्रोच्या हेडचं कास्टिंग हेच, पण इनलेट ३५.६ मिमी. ब्रिटनमध्ये हे हेड अजूनही सहज मिळतं, म्हणून बहुतेकांची नजर त्याच्यावरच जाते.

ऑस्टिन-मॉरिस ११०० चं १२जी२०२ हेही एक हेड आहे. मूळ ९९८ पेक्षा बरं, पण २९५ मिळत असेल तर त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

निवड कशी करायची? इंजिन गाडीतच ठेवून काम करायचं आहे, खाली हात लावायचा नाही, गाडी रोजची आहे, तर २९५. इंजिन नाहीतरी बाहेर काढून उघडणार असाल, पिस्टन बदलणार असाल, तर ९४०. गाडीत ठेवूनही ९४० साठी ब्लॉक कापतात, पण लोखंडाचा कीस कुठेकुठे जातो हे पाहिलेला माणूस ते दुसऱ्यांदा करत नाही. ९९८ वर एमजी मेट्रोच्या ३५.६ च्या इनलेटचा फारसा उपयोग होत नाही. त्या हेडमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट सीटच्या मधली भिंत बारीक राहते आणि तडा पहिला तिथेच जातो.

विकत घेतल्या घेतल्या

हेड घासून स्वच्छ करा आणि डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा लाल रंग) मारून दोन सीटमधली जागा तपासा, विशेषतः दोन आणि तीन नंबरच्या चेंबरची. ए-सीरिजला पाचच पोर्ट आहेत, दोन जोड-इनलेट आणि तीन एक्झॉस्ट. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच पोर्टमधून जातो, म्हणून तो भाग सर्वांत तापतो. केसाएवढी लाल रेघ दिसली तरी हेड परत करा.

गाइडमध्ये व्हॉल्व्ह घालून, तो थोडा उचललेला ठेवून आडवा हलवा. खडखड वाटली तर गाइड बदलायचे. जुन्या हेडला एक्झॉस्टच्या कडक सीटा नसतात. शिशाचं पेट्रोल भारतात आणि ब्रिटनमध्ये २००० सालीच बंद झालं, आणि शिशाविना मऊ बीडाची सीट झिजून व्हॉल्व्ह वर चढत जातो, टॅपेटची ढील (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) आपोआप मिटते. चारही एक्झॉस्टला कडक इन्सर्ट बसवून घ्या, इनलेटला गरज नाही. हे काम पुण्या-मुंबईतलं, कोल्हापूरचं कोणतंही चांगलं रिबोअरिंगचं दुकान करतं. त्यांना सांगायचं एवढंच की इन्सर्टचं भोक पाण्याच्या जॅकेटपर्यंत जाऊ देऊ नका.

मेट्रोचं हेड असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. हीटरच्या कॉकसाठी बॉस असतो, पण भोक पाडलेलं नसतं. आणि पाण्याच्या पंपाकडून येणाऱ्या बायपास नळीसाठी तोटी नसते. हीटरसाठी बॉसला भोक पाडून आटे पाडा, किंवा थर्मोस्टॅटखाली तोटीवाली सँडविच प्लेट घाला. बायपास हवा नसेल तर पंपाची तोटी पक्की बंद करून थर्मोस्टॅटच्या चकतीला ३ मिमीची चार ते सहा भोकं पाडतात, म्हणजे थर्मोस्टॅट उघडायच्या आधीही हेडमधून थोडं पाणी फिरत राहतं. ती भोकं विसरलात तर थर्मोस्टॅट बंद असताना हेडमधलं पाणी जागच्या जागी उकळेल.

जुन्या ११ स्टडच्या १२७५ वरचं हेड असेल तरी ९ स्टडच्या ब्लॉकवर बसतं, दोन भोकं रिकामी राहतात.

कॉम्प्रेशनचा हिशोब, पाना हातात घेण्याआधी

या कामात चुकणारे बहुतेक इथेच चुकतात. चेंबरचे आकडे वर दिलेत खरे, पण साठ वर्षांत तुमच्या हेडला कितीदा फेस मारला गेला, म्हणजे खालची पातळी किती कापली गेली, हे कुणाला माहीत? मोजा.

एक ५० मिलीचं ब्युरेट, मध्ये भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा, ग्रीस आणि रॉकेल लागेल. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उताणं, पाणसळीत ठेवा. चेंबरच्या काठाला ग्रीसची बारीक रेघ, त्यावर ॲक्रिलिक दाबून, भोकातून बुडबुडा न राहता रॉकेल भरा. चारही चेंबर मोजा. अर्ध्या सीसीहून जास्त फरक असेल तर लहान चेंबर मोठ्याएवढी करून घ्या.

पिस्टनचा खळगा मोजायची युक्ती सोपी आहे. पिस्टन ब्लॉकच्या पातळीखाली बरोबर १० मिमी आणा, कडेच्या फटीत ग्रीस भरा, वर ॲक्रिलिक. ६४.५८ च्या बोअरमध्ये १० मिमी उंचीला ३२.७५ सीसी मावतं. ब्युरेटमधून ३८.७५ गेलं, तर खळगा ६ सीसीचा. सपाट पिस्टनला ३२.७५ च येईल.

आता बेरीज. चेंबर, अधिक दाबलेल्या पॅकिंगची (हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटची) जागा, अधिक पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वांत वर असताना, ब्लॉकच्या खाली राहतो ती जागा, अधिक खळगा, अधिक ब्लॉक कापला तर ती खाच. २४९.६ ला या बेरजेने भागा आणि एक मिळवा.

पॅकिंगचं ३.३ सीसी धरू, पिस्टन अर्धा मिमी खाली म्हणून १.६, आणि खाचेचं अर्धा सीसी. ९४० हेड आणि ६ सीसी खळग्याचे पिस्टन: २१.४ + ३.३ + १.६ + ६ + ०.५ म्हणजे ३२.८, कॉम्प्रेशन ८.६. तेच हेड सपाट पिस्टनवर: २६.८, कॉम्प्रेशन १०.३. एकच हेड, एकाच्या गाडीत मवाळ आणि दुसऱ्याच्या गाडीत नॉकिंग करणारं. 'माझ्या मित्राने बसवलं, मस्त चालतं' या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

२९५ चं उलट. खळग्याच्या पिस्टनवर बेरीज ३९.२ येते आणि कॉम्प्रेशन ७.४. व्हॉल्व्ह मोठे करूनही गाडी आधीपेक्षा मेलेली वाटेल. सपाट पिस्टनवर ८.५. ते ९.५ करायचं तर बेरीज २९.४ हवी, म्हणजे चेंबरमधून ३.८ सीसी कमी करायला हेड फेस करावं लागेल. किती मिमी? चेंबर काठोकाठ भरा, सिरिंजने ३.८ सीसी काढा, आणि रॉकेलची पातळी काठापासून किती खाली गेली ते डेप्थ गेजने मोजा. तेवढाच फेस. बहुधा मिमीच्या वर काहीतरी येईल. फेसिंगवाल्याला अंदाज सांगू नका, हा आकडा कागदावर लिहून द्या. खळग्याच्या पिस्टनवर मात्र जवळजवळ १० सीसी काढावं लागेल, ते फेस मारून होत नाही. तिथे पिस्टनच बदला.

कॉम्प्रेशन किती ठेवावं? साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ९ ते ९.५ च्या वर जाऊ नये. ब्रिटनमधल्या ९७-९९ च्या सुपर पेट्रोलवर दहाच्या थोडं वर चालतं, टायमिंग नीट असेल तर. आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालवायची असेल तर पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या याच वेळी बदलून टाका.

९४० साठी ब्लॉकला खाचा

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २९ मिमीचा, बोअर अरुंद. व्हॉल्व्हची कड बोअरच्या बाहेर, ब्लॉकच्या माथ्यावर येते. व्हॉल्व्ह सरळ उभे खाली येतात, म्हणून खाचही सरळ, अर्धचंद्रासारखी, चार सिलिंडरांना चार.

खोली ठरवण्यासाठी चार मापं घ्या. व्हॉल्व्हची खरी लिफ्ट (तो किती उघडतो ते) डायल गेजने मोजा, पुस्तकातली नको. बंद व्हॉल्व्हचा माथा हेडच्या फेसपासून किती आत आहे ते बघा. दाबलेल्या पॅकिंगची जाडी घ्या. आणि चौथं, पिस्टन टीडीसीला असताना वरची रिंग ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली असते. समजा लिफ्ट ७.१, व्हॉल्व्ह ३.८ आत, पॅकिंग ०.८. मग व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये २.५ उतरतो. वर १.२ मिमीची ढील, म्हणजे खाच ३.७ खोल. हे आकडे हिशोब दाखवायला आहेत, कापायचं ते स्वतःच्या मापावर. खाचेच्या तळापासून रिंगपर्यंत दीड-दोन मिमी तरी उरलं पाहिजे. रिंग खाचेपर्यंत आली तर तिची कड तुटते, आणि मग बोअरही जातो. उरत नसेल तर लिफ्ट कमी ठेवा. लिफ्ट वाढवणारे १.५ चे रॉकर घालायचा विचार असेल तर तो याच क्षणी सोडा किंवा याच क्षणी हिशोबात घ्या.

आखणी अशी. ब्लॉकवर निळा रंग लावा, हेड पॅकिंगशिवाय स्टडवर ठेवा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्प्रिंगविना घालून वरून हलके फिरवत दाबा. निळ्यात चंद्रकोर उमटेल. तिच्या बाहेर १ मिमीची रेघ ओढा. सर्वांत सरळ काम होतं ते गाइडमध्ये पायलट जाणाऱ्या कटरने, हेड ब्लॉकवरच बसवून. तसा कटर नसेल तर डाय ग्राइंडर आणि कार्बाइड बर, आणि भरपूर सबुरी. कापण्याआधी पिस्टन वर आणून कडेची फट ग्रीसने भरा, पुशरॉडची भोकं आणि पाण्या-तेलाचे मार्ग चिंध्यांनी बंद करा, वर टेप. कापून झाल्यावर कीस व्हॅक्यूमने ओढा. हवेने उडवू नका, उडवलेला कीस टॅपेटच्या खड्ड्यात जाऊन बसतो. खाचेच्या धारदार कडा बारीक पॉलिश पेपरने मोडा, नाहीतर त्या लाल होऊन पेट्रोल वेळेआधी पेटवतात.

२९५ ला ब्लॉक कापावा लागत नाही हे न फेसलेल्या हेडपुरतं खरं. मिमी-दीड मिमी फेस मारला की व्हॉल्व्ह तेवढेच खाली आले. तिथेही प्लॅस्टिसिनची परीक्षा (खाली 'बसवणं' मध्ये दिली आहे) करायचीच.

जुनं हेड उतरवताना

बॅटरीची अर्थची वायर काढा, पाणी सोडा. पाने इंची लागतात, हेडचे नट ९/१६, रॉकरचे आणि मॅनिफोल्डचे १/२. आपल्या पेटीतला १४ चा पाना ९/१६ वर चढत नाही आणि १५ चा नट गोल करतो.

रॉकरच्या चार पेडेस्टलांना हेडचेच चार नट धरतात. म्हणजे रॉकर सोडला की हेडही सैल होतं. म्हणून पाणी सोडल्याशिवाय रॉकरला हात लावू नका. सगळे नट बाहेरून आत, थोडेथोडे सैल करा. पुशरॉड उपसताना गोल फिरवा, नाहीतर तेलाच्या चिकटीने टॅपेट वर येऊन खाली पडतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. हेड अडलं तर लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोका. फटीत छिन्नी घालू नका.

थर्मोस्टॅट हाउसिंगचे स्टड गंजून हाउसिंगला चिकटलेले असतात, आणि बाजूचा रेडिएटर असलेल्या मिनीत त्याची वरची ब्रॅकेटही तिथेच. रात्रभर पेनिट्रेटिंग तेल सोडा. आणि बायपासची छोटी नळी असेल तर ती हेड खाली असतानाच नवी घाला, नंतर हेड न काढता ती बदलणं म्हणजे अर्धा दिवस शिव्या.

बसवणं

पॅकिंग दोन्ही बाजूंना लावून बघा, ब्लॉकवर आणि हेडवर. ९४० च्या चेंबरची बाह्यरेषा आणि लहान बोअर एकमेकांवर तंतोतंत येत नाहीत. पॅकिंगची धातूची कडी चेंबरमध्ये डोकावत असेल किंवा व्हॉल्व्हच्या वाटेत येत असेल तर ते पॅकिंग चालणार नाही. डोकावणारी कडी जळते, आणि पॅकिंग तिथूनच फुटतं.

मग प्लॅस्टिसिन. पिस्टनवर आणि खाचेत गोळी, जुनं पॅकिंग, हेड घट्ट, टॅपेट शून्य ढिलीवर, प्लग काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे. अडकलं तर जोर लावू नका, कारण शोधा. उघडून सर्वांत पातळ जागा कापून मोजा, १.२ मिमीपेक्षा कमी नको.

खरं पॅकिंग टाकल्यावर नट मधून बाहेर, गोल गोल, २०, ३०, मग शेवटचा आकडा. साध्या स्टडना ४० फूट-पाउंड, म्हणजे ५४ न्यूटन मीटर. माथ्यावर २२ ठोकलेले नंतरचे स्टड असतील तर ५०, म्हणजे ६८. रॉकरचे लहान नट २४, मॅनिफोल्डचे १४. स्टडचे आटे ताराच्या ब्रशने साफ करून थेंबभर तेल लावा. कोरड्या गंजक्या आट्यावर पाना ४० ला टक् करतो, पण पॅकिंगवर दाब त्याच्या अर्धाच पोचतो.

फेस मारल्यामुळे पुशरॉड तेवढे लांब ठरतात. रॉकरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण वर गेला, तर पेडेस्टलखाली शिम घाला किंवा आखूड पुशरॉड आणा. ज्या पेडेस्टलमधून तेल चढतं, त्याच्या शिमला भोक हवं. ते विसरल्यास तासाभरात रॉकर शाफ्ट कोरडा.

टॅपेट ०.३० मिमी, थंड इंजिनावर. नऊची बेरीज लक्षात ठेवा: एक नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा आठचा सेट करायचा, दोन उघडा तेव्हा सात, असं.

नंतरचं

मोठं हेड हवा जास्त ओढतं, तेव्हा जुन्या सव्वा इंची एसयू कार्ब्युरेटरची सुई बदलावी लागते. शक्य असेल तर दीड इंची एचएस४ घाला. जाड सुईने मिश्रण पातळ राहिलं की प्लग पांढरा पडतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. कॉम्प्रेशन वाढलं असेल तर टायमिंग सुरुवातीला दोन अंश मागे ठेवा आणि चढावर, तिसऱ्या गिअरला, पूर्ण दाबून कान द्या. टकटक आली तर आणखी मागे.

पहिल्यांदा सुरू केल्यावर लयीत, वेगाबरोबर वाढणारी धातूची टिकटिक आली आणि टॅपेट बरोबर असतील, तर लगेच बंद करा. कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. एकाच सिलिंडरला कमी असेल तर त्याच सिलिंडरची खाच उथळ आहे आणि व्हॉल्व्ह वाकायला लागला आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांना एकदम कमी असेल तर पॅकिंग त्या दोघांच्या मधे फुटलं.

पाणी भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा, हवा अडकली की हेडचा मागचा भाग कोरडा तापतो. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर, पॅकिंग बनवणाऱ्याने नको म्हटलं नसेल तर, इंजिन थंड असताना एकेक नट पाव फेऱ्याहून कमी सैल करून पुन्हा त्याच आकड्याला आवळा, आणि टॅपेट परत बघा. दुसऱ्यांदा ढील कमी झालेली आढळली ती एक्झॉस्टलाच असेल, तर सीट अजून बसते आहे. हजार किलोमीटरनंतर तिसऱ्यांदा कमी झाली, तर इन्सर्ट बसवणाऱ्याकडे हेड परत न्या.